तुझ्या मापाची सायकल

९ जानेवारी

शिडीस आशीर्वाद,

निघताना तू म्हणाली होतीस, "आई, काही दिवस फोन नको." मी नीट ऐकलं. पत्राबद्दल तू काही बोलली नव्हतीस, म्हणून लिहिते आहे. रागावू नकोस. रागावायचंच असेल तर उलट टपाली रागाव, म्हणजे निदान तुझं अक्षर तरी दिसेल.

चारचौघांत 'आई' आणि घरात, मी लोकांचे कपडे शिवते म्हणून, 'मास्तर' असा तुझा शिरस्ता. त्या दिवशी घरात आपण दोघीच होतो, मी शिवणाच्या यंत्रावर बसलेली, तू बॅग घेऊन दारात, आणि तू मला आई म्हणालीस. तेव्हाच मी यंत्र थांबवलं. मी मात्र तुला शिडीच म्हणणार आहे. लग्नानंतर पहिल्याच दिवशी तू स्टुलाशिवाय वरच्या फळीवरचा डबा काढून दिलास, तेव्हा ठेवलेलं नाव आहे ते. आमच्या बुटक्यांच्या घरात त्या फळीवर काय काय आहे हे आम्हाला तू आल्यावर कळलं.

तुझा पत्ता मला तू परत पाठवलेल्या चावीच्या पाकिटावर मिळाला. आत चिठ्ठी नाही, चपाटी नाही, नुसती घराची चावी, आणि तीही कापसात गुंडाळलेली, काचेची असल्यासारखी. चिरंजीवांनी पत्ता वाचला आणि म्हणाले, "त्या भागात एकाही इमारतीला लिफ्ट नाही." तिसरा मजला, लिफ्ट नाही! लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या नवऱ्यापासून लांब जायचं तर घरही बिनलिफ्टचं बघावं, हे तुलाच सुचू जाणे. मी हसले. तोही थोडा हसला. मग मी चावी दारामागच्या खिळ्याला लावली, तुझ्याच खिळ्याला.

आता मुद्द्याचं. तुमचे वकिलाचे कागद मी वाचले. तुझं नाव आहे, त्याचं नाव आहे, खाली सह्या आहेत. तुमचं लग्न संपलं ते मला समजलं, पटलं नाही तरी समजलं. पण त्यात मी माझं नाव शोधलं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. कुठेच नव्हतं. म्हणजे तुझं आणि माझं काय, ते अजून कोणी ठरवलेलंच नाही. मला तेवढंच विचारायचं आहे. तू ठरवशील ते मी ऐकेन, पण तू ठरव. असं अधांतरी ठेवू नकोस.

आणखी एक. माझा उजवा गुडघा बदलला. तुला मुद्दाम कळवलं नाही. कळवलं असतं तर तू धावत आली असतीस, आणि मग तू माझ्यासाठी आलीस की गुडघ्यासाठी, हे मला जन्मात कळलं नसतं.

जखम भरली आहे, पण गुडघा वाकत नाही. मोडेन पण वाकणार नाही हा बाणा मी आयुष्यभर मिरवला, आता तो गुडघ्याने उचलला. घरी एक व्यायामवाली येते, तुझ्याच वयाची, तुझ्याहून कडक. ती म्हणते, "आजी, घरी सायकल घ्या, पाठ टेकून बसायची. रोज चालवली नाहीत तर सांधा अखडेल आणि मग जिना विसरा."

जिना विसरा म्हणाली. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

तुझी
(इथे 'सासू' लिहिलं होतं, ते खोडलं. दुसरं काय लिहायचं ते तुझ्याकडून कळल्यावर लिहीन.)


२१ जानेवारी

शिडीस आशीर्वाद,

उत्तर आलं नाही. पण पत्रही परत आलं नाही, म्हणजे पोहोचलं. मी एवढ्यावर खूश होणारी बाई आहे, हे तुला माहीत आहे.

काल सायकल बघायला गेलो. चिरंजीव म्हणत होता, फोनवरून मागवू, दारात आणून देतील. मी म्हटलं, ज्याच्यावर बसायचं ते बसून बघितल्याशिवाय मी घेत नाही. पॅन्टसुद्धा मी गिऱ्हाइकाला बसायला लावते. उभं असताना सगळ्यांचंच सगळं बरोबर बसतं.

दुकानातला विक्रेता टायवाला होता. टाय तोकडा होता, पोटाच्या निम्म्यावर संपत होता, माझं सगळं लक्ष तिकडे. त्याने आधी उभी सायकल दाखवली. सीट तळहाताएवढी, आणि चढायचं तर पाय उचलून पलीकडे टाकायचा. मी म्हटलं, "अहो, हिच्यावर चढायला आधी गुडघा बरा पाहिजे."

"हिच्यावर बसलात की बरा होईल ना, आजी!"

"तेच तर म्हणते आहे," मी म्हटलं. त्याने टाय सरळ केला.

मग त्याने नुसती पेडलं असलेला एक खोका आणला. आपण आपल्या खुर्चीत बसायचं आणि समोर तो ठेवून पाय फिरवायचे. स्वस्त आणि सुटसुटीत. मी पाय मारला की तो खोका पुढे सरके, मी खुर्ची पुढे घेतली की तो आणखी पुढे. असे आम्ही दोघं दुकानाच्या काउंटरपर्यंत पोहोचलो. चिरंजीव तोंडावर हात धरून उभा होता. कितीतरी दिवसांनी मी त्याला तसं हसताना पाहिलं. तुला सांगायला नको होतं का हे? सांगितलं, आता खोडत नाही.

शेवटी ती पाठ टेकायची सायकल. शिडी, ती म्हणजे आरामखुर्चीला पेडलं लावल्यासारखी आहे. मधला सांगाडा इतका खाली की पाय उचलावाच लागत नाही, चालत जायचं आणि बसायचं. पाठीला जाळी, दोन्ही बाजूंना धरायला दांडे, पेडलं खाली नसतात, पुढे असतात. व्यायामवालीने बजावलं होतं की पेडल सगळ्यात लांब गेलं तरी पाय काठीसारखा सरळ व्हायला नको, गुडघ्यात किंचित बाक राहिला पाहिजे. त्यासाठी सीट रुळावर मागेपुढे सरकते.

टायवाला पडदा दाखवत होता, किती चाललात, नाडी किती, गाणीसुद्धा लागतात म्हणे. मी वाकून सीटची शिवण बघत होते. एकीची शिवण नेमकी मांडीखाली आली होती, म्हणजे आठवडाभरात काचणार. एकीचा आवाज दळण दळल्यासारखा. आपल्या खालच्या मजल्यावरची बाई चमचा पडला तरी वर येते, तिच्या डोक्यावर मी दळण मांडलं तर संपलंच. तिसरी चांगली होती, लोहचुंबकावर चालणारी, अगदी मुकी. पण तसली एकच होती आणि ती विकली गेलेली. "गोदामातून मागवून देतो, फोन करतो," म्हणाला.

तुला सायकलीत काडीचा रस नाही, मला कळतं. पण शिडी, नुसतं 'तू कशी आहेस' एवढंच लिहिलं तर तुला उत्तर द्यावं लागेल असं वाटेल, आणि तू घाबरशील. सायकलबद्दल लिहिलं तर तुझ्यावर काही ओझं नाही. वाच आणि ठेवून दे.

तू कशी आहेस?

तुझी
(जागा रिकामीच आहे)


६ फेब्रुवारी

शिडीस आशीर्वाद,

सायकल आली, आणि माझी फजिती झाली. ही फजिती मी दुसऱ्या कोणाला सांगणार नाही, तुलाच सांगते.

दोन माणसांनी ती वर आणली, खिडकीपाशी जोडली. तू जिथे इस्त्रीचं टेबल लावायचीस, तिथे. मी केस नीट केले, का ते विचारू नकोस, आणि बसले. पाठ टेकली. पाय पुढे केले. पेडलं नाहीत! म्हणजे होती, पण माझ्या पायांच्या बरीच पुढे. मी बोटं ताणली, घसरत घसरत पुढे गेले, शेवटी पाठ जाळीवर राहिली नाही, मान राहिली. जोडणारा म्हणाला, "थांबा, सीट पुढे घेतो." त्याने सीट पुढे घेतली, आणखी पुढे घेतली, रूळ संपला. तरी पेडलं लांबच.

मी म्हटलं, "तुमच्या यंत्रात खोट आहे." नाचता येईना, अंगण वाकडं!

तो कागद बघून म्हणाला, "आजी, ही दोन लांबीत येते. तुम्ही लांब पायवाली मागवली आहे. दुकानातून फोन करून तुम्हाला माप विचारलं होतं ना?"

विचारलं होतं. मला सगळं आठवलं. मी काजं करत होते, तोंडात टाचण्या, फोन खांद्यात धरलेला. टायवाला म्हणाला, "आजी, पायाचं माप सांगा, जांघेपासून टाचेपर्यंत." मी टाचण्या काढल्या आणि क्षणाचाही विचार न करता सांगून टाकलं, "साडेतेहतीस."

साडेतेहतीस माझं माप नाही, शिडी. ते तुझं आहे.

माझ्या पायाचं माप मला ठाऊकच नाही. जन्मभर लोकांची मापं घेतली, स्वतःचं घेतलं नाही. घेणार तरी कशी, वाकून टेप टाचेशी धरला की माप चुकतं आणि उभं राहिलं की टाचेशी टेप धरायला कोणी नसतं. शिवाय मला पॅन्ट कुठे शिवायची होती? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मला तोंडपाठ असलेलं पायाचं माप एकच. तयार पॅन्ट तुझ्या घोट्याच्या वर राहायच्या, चिरंजीव म्हणायचा पुराच्या पाण्यातून चालली आहेस का, म्हणून तुझ्या सगळ्या पॅन्ट मी शिवल्या. पाय म्हटलं की माझ्या जिभेवर तोच आकडा येतो.

दुकानवाल्याला फोन केला. तो बिचारा भला आहे. म्हणाला, "काही हरकत नाही, परवा माणसं पाठवतो, छोटी देतो."

मी म्हटलं, "विचार करून सांगते."

फोन ठेवल्यावर मलाच माझा राग आला. त्यात विचार काय करायचा होता? पाय पुरत नाहीत ती सायकल परत करायची, एवढं साधं. तरी मी बाकीचा दिवस तिच्याकडे बघत बसले. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. मी तुझे पाय पाहून अंथरूण घेऊन आले, आणि आता ते गुंडाळून परत द्यायला हात होत नाही.

तुझी आठवण येते, हे सायकलच्या आड न लपता लिहिते.

तुझी


१९ फेब्रुवारी

शिडीस आशीर्वाद,

व्यायामवालीने माझी चंपी केली. "आजी, दिवस चाललेत! आत्ता वाकला नाही तर हा गुडघा नंतर ऐकणार नाही. सायकल बदला नाहीतर मी यायची बंद होते." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. तू असतीस तर तुला मजा वाटली असती, मास्तरांना कोणीतरी बोलतंय म्हणून.

संध्याकाळी चिरंजीव कामावरून आला. कुठल्याशा लिफ्टचा दरवाजा दिवसभर उघडत होता आणि मिटत नव्हता, म्हणून वैतागलेला. बूट काढायच्या आधीच म्हणाला, "आई, हे काय चाललंय? परत का करत नाहीस?"

मी म्हटलं, "चांगली आहे. आवाज करत नाही."

"तुला पाय पोहोचत नाहीत!"

"तू बसून बघ."

तो बसला. त्याचेही पाय नीट पोहोचले नाहीत, टोकं जेमतेम लागली. तो म्हणाला, "कोणाच्या मापाची घेतली आहेस ही? आपल्या घरात एवढ्या लांब पायांचं कोणी नाही." आणि मग बोलता बोलता थांबला. पेडलाकडे बघत राहिला. हळूच म्हणाला, "आता नाही."

आपलेच दात, आपलेच ओठ. तुमच्या दोघांत कोणाचं चुकलं ते मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारणार नाही. तो तिथेच बसून म्हणाला, "तू तिला पत्रं लिहितेस ना?" मी म्हटलं, "लिहिते." तो म्हणाला, "लिही." एवढंच. तू परत ये म्हणून मी हे सांगत नाही, त्यानेही तशी आशा धरलेली नाही. मी तुला लिहिते हे त्याला ठाऊक होतं, एवढं मला समजलं, आणि चोरून लिहायचं काही कारण नव्हतंच, तेही समजलं. म्हणून घरात जरा मोकळं वाटलं, ते तुला सांगितलं.

मग तो उठून म्हणाला, "मागे जाडी दिली तर तू पुढे येशील." शिवणारी मी, आणि हे सुचलं लिफ्टवाल्याला! पाठ आणि जाळी यांच्यात उशी. इतकं साधं.

पहिली उशी मी कापसाची केली. बसले की आत रुतायचे, पाय पुन्हा लांब. दुसरी कडक केली, ती खाली सरकायची आणि मी तिच्याबरोबर. तिसऱ्या वेळी चिरंजीवाने एक पातळ फळी कापून आणली, कडा घासून गुळगुळीत केल्या, मी तिच्यावर फोमचे थर चढवले आणि खोळ शिवली. मागून पट्टे, सीटच्या जाळीला बांधायला. आम्ही दोघं रात्रीचं जेवण विसरून तिच्यामागे लागलो होतो. तो फळी धरून, मी टाचण्या लावत. "आई, टोचलीस!" "मग हात काढ ना!" असं सगळं.

खोळीसाठी कापड शोधताना तुझी राखाडी पॅन्ट सापडली. तू जायच्या आधी मी कापून ठेवलेली, शिवायची राहिलेली. कापड जाड आहे, उशीला अगदी योग्य होतं. हातात कात्री होती. पण नाही कापलं. जुन्या पडद्याची खोळ केली.

व्यायामवाली आली, तिने मला बसवलं, पाय पुढे करायला लावला, गुडघ्याचा बाक बघितला, उशी दोन्ही हातांनी हलवून बघितली. हलली नाही. "कोणी केली?" म्हणाली. मी म्हटलं, "आम्ही घरीच असले उद्योग करतो."

सुरुवातीला सीट थोडी लांबच बरी असते म्हणे, कारण गुडघा पुरता वाकत नाही. जसजसा वाकेल तसं पुढे यायचं. म्हणून मी उशीचे थर सुटे ठेवलेत, एका बाजूला चेन लावली आहे. गुडघा सुधारला की एक थर आत घालायचा. आणि चेन उघडून सगळे थर काढले, पट्टे सोडले, की सीट पुन्हा होती तशी, साडेतेहतीसची.

सायकल मी परत केली नाही.

तुझी


११ मार्च

शिडीस आशीर्वाद,

आज चाक फिरलं!

तुला वाटेल, सायकलचं चाक फिरणारच. तसं नाही. इतके दिवस मी पेडल पुढे ढकलायचे, वर येताना गुडघा अडायचा, मग तिथून मागे. पुढे आणि मागे, झोपाळ्यासारखं. पूर्ण फेरा काही होत नव्हता. व्यायामवाली म्हणायची, जोर करू नका, तो आपणहून जाईल. आज सकाळी मी खिडकीबाहेर बघत होते, समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादर वाळत घालत होतं आणि ती सारखी उडत होती, तेवढ्यात पाय वर गेला, दुखला, आणि पलीकडे उतरला. मला आधी कळलंच नाही. मग मी ओरडले. खालची बाई वर आली.

तिला मी पेढे देणार होते, घरात नव्हते, बिस्किट दिलं. तिने मला फेरा मारून दाखवायला लावलं. मी मारला. तीही टाळ्या वाजवत होती, बघ, माणूस वाईट नाही.

त्या आनंदात मी तुझी पॅन्ट शिवायला घेतली. शिवणाच्या यंत्रावर पाय मारायला डाक्टरांची अजून मनाई आहे, पण डावा पाय माझा स्वतःचा आहे, त्याला कोणाची मनाई नाही. लांबी तीच ठेवली आहे. वकिलांच्या कागदांनी माणसाचं नाव बदलतं, पत्ता बदलतो, पायाची लांबी बदलत नाही. कंबरही मागच्याचीच धरली आहे, तू तिथे काय खातेस मला कुठे माहीत.

पॅन्ट टपालाने पाठवणार नाही.

आता खरं सांगते. मी घरातल्या घरात चालायला लागले तेव्हाच व्यायामवालीने विचारलं होतं, "आजी, तुम्हाला कुठपर्यंत जायचंय? बाजारापर्यंत? बागेपर्यंत?" सगळ्यांना विचारते, त्याप्रमाणे व्यायाम ठरवते. मी तिला म्हटलं, "तिसऱ्या मजल्यापर्यंत." ती म्हणाली, "तुम्ही तर पहिल्या मजल्यावर राहता." मी म्हटलं, "हो."

तू बोलावलेलं नाहीस. दार उघडायचं की नाही ते तूच ठरवायचं. पण जिना सरकारी असतो, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

तुझी


५ एप्रिल, तुझ्या दाराबाहेर

शिडी,

दाराला कुलूप आहे. मी तुझ्या पायरीवर बसून लिहिते आहे, वही मांडीवर, म्हणून अक्षर असं. शनिवार आहे म्हणून तू घरी असशील असं धरून चालले होते. शनिवारीच लोक डोळे तपासायला येतात, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या बाईची मी सासू होते की कोण!

चिरंजीवाने गाडीने आणलं. तो कोपऱ्यावर थांबला आहे. मी म्हटलं, "वर चल." तो म्हणाला, "मला बोलावलेलं नाही." मी म्हटलं, "मलाही नाही." तो म्हणाला, "तुझं वेगळं आहे, आई." ते ऐकून मला जो धीर आला, त्यावर मी पहिला मजला चढले.

चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, असं व्यायामवालीने पाठ करून घेतलं आहे. पहिल्या मजल्यावर कोणाच्या तरी दारात कुंडी होती, तिच्याशेजारी उभी राहून दम घेतला. दुसऱ्यावर एक गृहस्थ म्हणाले, "बाई, कोणाकडे?" मी म्हटलं, "माझ्या शिडीकडे." ते वर बघायला लागले, कुठे दिवा बदलायचाय की काय. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर गुडघा अडला. अगदी सायकलवर अडायचा तसाच. मी कठडा धरून उभी राहिले, समोरच्या भिंतीकडे बघितलं, जोर केला नाही. मग तो आपणहून गेला.

वर येऊन तुझी पाटी वाचली. नुसतं तुझं नाव आहे, ना माहेरचं आडनाव, ना आमचं. छान दिसतं. मी बेल वाजवली, दोनदा, मग कुलूप दिसलं. चष्मा लावूनही ते आधी दिसलं नाही, इतकी मी दार उघडण्याची वाट बघत होते.

थोडं रडले. पायरीवर बसून, रुमालाने डोळे पुसत. वाईट वाटलं म्हणून रडले, पण पूर्ण वाईट वाटलं म्हणून नाही. इथपर्यंत आले, शिडी. दार उघडलं असतं तर जास्त चांगलं झालं असतं, पण आले तर खरी.

पॅन्ट कडीला अडकवते आहे, हे पत्र तिच्या खिशात. घालून बघ. उशीबद्दल लिहिलं होतं ना, आता तिच्यात सगळे थर आहेत, मी अगदी पुढे आले आहे. पण मागे सीट तुझ्याच खाचेवर आहे, मी कोणाला हलवू देत नाही. चेन सहज उघडते. कधी वाटलं तर. आणि नाही वाटलं तरी मी ती सायकल चालवत राहीन, तुझ्या जागेच्या पुढ्यात बसून. मला त्याने बरं वाटतं. तुझ्यावर त्याचं काही ओझं नाही.

आता उतरते. दुखरा पाय आधी.

तुझी
मास्तर
(ती जागा मी स्वतःच भरली. तू खोडू शकतेस.)


८ एप्रिल

मास्तर,

गुडघा बदलला आणि मला कळवलं नाहीत, यावर मी जानेवारीपासून चिडून आहे. रोज काय बोलायचं ते जमवत होते, म्हणून उत्तर राहिलं. खोटं कशाला सांगू, भीती वाटत होती. उत्तर दिलं तर तुम्ही 'परत ये' म्हणाल, आणि मला नाही म्हणावं लागेल, आणि मग पत्रं थांबतील. तुम्ही ते एकदाही लिहिलं नाहीत. तुमची सगळी पत्रं मी दुकानात काउंटरमागे उभ्याने वाचली. पेडलांच्या खोक्याचं वाचून एवढी हसले की गिऱ्हाइकाला अक्षरांचा तक्ता उलटा धरून दाखवला.

शनिवारी घरी आले तर दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "एक बुटक्या बाई तुझ्या दाराशी बसून परीक्षेचा पेपर लिहीत होत्या." मी पिशवी टाकून खाली धावले. कोपऱ्यावर कोणी नव्हतं. जिना चढताना मी एकेका पायरीकडे बघत आले. मास्तर, त्या वळणावरची पायरी इतरांपेक्षा उंच आहे. मलासुद्धा तिथे ठेच लागते.

पॅन्ट घातली. लांबी बरोबर आहे. कंबर सैल आहे, बरीच. तेवढ्यासाठी माप नव्याने घ्यावं लागेल, तेव्हा रविवारी टेप जवळ ठेवा. मी त्याच्यासाठी येत नाही, हे त्याला आधीच सांगा, म्हणजे तो उगाच कोपऱ्यावर गाडीत बसून राहणार नाही.

चावी परत पाठवा. कापसात गुंडाळू नका.

आणि तुमचंही माप घ्यायचं आहे. टाचेशी टेप मी धरीन, तुम्ही सरळ उभ्या राहा.

तुमची
शिडी